टॅपेट सेटिंग घरच्या घरी : दोन इंजिनांच्या नोंदी

३ जानेवारी

दोन गाड्या हाताशी आहेत. एक जुनी: एअर-कूल्ड, सिंगल सिलिंडर, दोन व्हॉल्व्ह, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या टोकाला पेच आणि तो जागी धरणारा चेकनट. दुसरी त्यामानाने नवी: लिक्विड-कूल्ड, तीही सिंगलच, पण हेडमध्ये दोन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे फिरते दांडे) आणि चार व्हॉल्व्ह. तिला पेच नाहीत, व्हॉल्व्हवरच्या वाटीखाली (बकेट) जाडी जुळवणाऱ्या चकत्या (शिम) आहेत.

जुनीचा टॅपेट वाजतो. नवी अगदी गप्प आहे. जो तो जुनीकडे बोट दाखवून म्हणतो, "तो आवाज काढून टाक आधी." मोजणार मात्र दोन्हींची गॅप, म्हणजे बंद व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर किंवा कॅम यांच्यातली बारीक फट. आवाज नसणं म्हणजे गॅप बरोबर असणं नव्हे, आणि व्हॉल्व्हच्या बाबतीत तर बऱ्याचदा उलटच असतं.

जुनीची खरी तक्रार वेगळीच आहे. सकाळी पहिल्या किकला चालू होते. तासभर चालवली की आयडल खाली यायला लागतं, थांबलं की बंद पडते, आणि गरम इंजिन पुन्हा चालू करायचं तर किक मारून पाय दुखतो. ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट. कार्बोरेटर साफ झालाय, प्लग बदललाय. आता संशय व्हॉल्व्हवर.

मॅन्युअलमधले आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. जुनी: इनलेट ०.०८ मिमी, एक्झॉस्ट ०.१२ मिमी, दोन्हीत ०.०२ इकडेतिकडे चालतं. नवी: इनलेट ०.१० ते ०.२०, एक्झॉस्ट ०.१५ ते ०.२५. सगळे आकडे थंड इंजिनाचे. थंड म्हणजे हेड ३५ अंश सेल्सिअसच्या खाली, हात लावून कोमट लागतंय असं नव्हे. म्हणून रात्रभर उभी ठेवून सकाळी मोजायचं.

आकडा दुसऱ्या गाडीवरून उचलायचा नाही. होंडाच्या कबला ०.०५ पुरतात. जुन्या एअर-कूल्ड बीएमडब्ल्यू बॉक्सरला इनलेटला ०.१० आणि एक्झॉस्टला ०.२० लागतात. ओतीव लोखंडाच्या सिलिंडरच्या बुलेटला तर गॅप जवळजवळ शून्यच ठेवतात: पुशरॉड बोटांनी मोकळी फिरली पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. "सगळ्यांना पॉइंट एक ठेवा" म्हणणारा माणूस भेटला की मी विषय बदलतो.

४ जानेवारी

जुनी उघडली. टाकी काढली, प्लगच्या खड्ड्यातली माती ब्रशने झाडली आणि मगच प्लग काढला. तो खड्डा साफ न करता प्लग काढला तर सगळी वाळू थेट सिलिंडरमध्ये जाते. प्लग बाहेर असला की कॉम्प्रेशन आडवं येत नाही, क्रँक पान्यानं अलगद फिरतो. टॅपेटची दोन्ही झाकणं काढली, मॅग्नेटच्या कव्हरवरचे दोन बूच काढले: मधलं क्रँक फिरवायला, वरचं खूण बघायला.

टी ची खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) खाचेसमोर आणली. इथेच बरेच जण फसतात, कारण क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. म्हणजे टी ची खूण एका चक्रात दोनदा दिसते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा दोन्ही थोडेथोडे उघडे असतात. दुसऱ्या वेळी मोजलं तर गॅप शून्य येणार आणि माणूस पेच सोडत बसणार. खात्रीचा मार्ग म्हणजे इनलेटच्या रॉकरवर डोळा ठेवायचा. तो खाली गेला, वर आला, आणि त्यानंतर जी टी येते ती आपली. मग दोन्ही रॉकर बोटांनी हलवून बघायचे. दोन्हीत खुळखुळ लागली तर जागा बरोबर.

क्रँक नेहमी इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं फिरवायचा. खूण ओलांडली तर मागे आणायची नाही, पुन्हा पूर्ण फेरा घ्यायचा. मागे फिरवलं की टायमिंग चेनचा ढिला भाग भलत्या बाजूला येतो आणि कॅम किंचित मागे राहतो.

इनलेट: ०.१३ मिमी जाडीचं मोजायचं पातं अडकत अडकत जातं, ०.१५ चं जात नाही.
एक्झॉस्ट: ०.०५ चं कसंबसं जातं, ०.०६ चं जात नाही.

म्हणजे जो आवाज येत होता तो इनलेटचा. तो ढिला आहे, वाजतोय, पण त्यानं फारसं बिघडत नाही: व्हॉल्व्ह थोडा कमी उघडतो, थोडा उशिरा उघडतो आणि लवकर बंद होतो, रॉकर त्याच्या टोकावर आपटत राहतो. गाडीची खरी दुखणी ज्यानं लावली तो एक्झॉस्ट, आणि तो चकार शब्द काढत नव्हता. हवी त्याच्या निम्मीही गॅप नाही. थंड असताना ०.०५ उरलेत, तर इंजिन तापून व्हॉल्व्हची दांडी लांबली की काय उरणार? गरम झाल्यावर आयडल का पडतं ते यातून बरंचसं कळतं.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेल्या वायूत लालबुंद होईस्तोवर तापतो. त्याला थंड व्हायला मुख्य वाट एकच: बंद झाला की त्याची कड सीटवर (हेडमधल्या त्याच्या बैठकीवर) घट्ट टेकते आणि उष्णता सीटमधून हेडमध्ये उतरते. दांडीतून गाइडमध्ये थोडी जाते, पण मुख्य वाट सीटचीच. गॅप संपली की रॉकर व्हॉल्व्हला पूर्ण बसू देत नाही. मग उष्णता उतरत नाही, शिवाय उरलेल्या फटीतून पेटते वायू सुटतात आणि कडेला एक चीर जाळत नेतात. हे सगळं आवाज न करता होतं. कॉम्प्रेशन गेलं की मगच कळतं.

मोजण्याबद्दल एक गोष्ट लिहून ठेवतो. रॉकरचा पेच जिथे दांडीवर टेकतो तिथे वर्षानुवर्षांच्या माराने बारीक खळगा पडतो. सपाट पातं त्या खळग्यावर पुलासारखं आडवं बसतं आणि खरी गॅप जास्त असूनही कमी दाखवतं. पेच काढून भिंगाखाली पाहिला. टोक चकचकीत आहे, खळगा नाही. आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

५ जानेवारी

सेटिंग. काम दहा मिनिटांचं, पण चेकनट त्यात अर्धा तास खातो.

चेकनट आवळताना तो पेचालाही बरोबर घेऊन फिरतो. पातं आत ठेवून हवी तशी ओढ आली, नट आवळला, पातं काढून पुन्हा घातलं तर गॅप कमी झालेली. म्हणून पेच छोट्या पान्यानं जागेवर धरून ठेवायचा आणि नट रिंग पान्यानं आवळायचा. तरीही तो थोडा सरकतोच. माझ्या हाताला किती सरकतो ते एकदा कळलं की तेवढी गॅप आधीच जास्त ठेवायची, म्हणजे आवळल्यावर बरोबर जागी येते. आवळल्यानंतर मोजलेला आकडाच खरा. आधीचा वहीत लिहायचाही नाही.

पातं नसलं तर कोनावरूनही काम होतं. पेचाचे आटे ०.७५ मिमी पिचचे असतील तर पूर्ण एका फेऱ्याला गॅप ०.७५ नं बदलते, ३० अंशांना साधारण ०.०६ नं. एक्झॉस्टला ०.०७ वाढवायचे होते, म्हणजे ३४ अंशांच्या आसपास. आधी कोनावर सोडला, मग पात्यानं तपासला. दोन्ही जुळले. पातं अडकायला जागा नसते अशा इंजिनांवर ही युक्ती कामाची आहे, पण मोजायची सोय असताना तिच्यावर सगळं सोडू नये.

पात्याची ओढ किती असावी, हे शब्दांत सांगता येत नाही असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. दोन पाती घ्यायची: हवा तो आकडा आणि त्याच्या वरचा. हवं ते पातं जायला पाहिजे, वरचं अडायला पाहिजे. झालं. हाताच्या अंदाजावर जेवढं कमी सोडू तेवढं बरं. पातं तेलात बुडवून पुसून घालतो, आणि वाकडं पातं वापरत नाही. दोन पाती एकत्र लावून जाडी जमवणंही टाळतो, मध्ये तेलाचा थर राहतो.

मग क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून परत टी वर आणला आणि पुन्हा मोजलं.

इनलेट ०.०८, एक्झॉस्ट ०.१२. एक्झॉस्ट खालच्या टोकाला ठेवण्यात अर्थ नाही. शंका आली तर तो सैलसर असू दे, घट्ट नको.

दोन्ही चेकनटांवर मार्करनं नटापासून पेचापर्यंत एक सरळ पांढरी रेघ ओढली. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली तर नट हलला, नाहीतर जे काही बदललं ते दुसरीकडे बदललं.

झाकणांच्या ओ-रिंग चपट्या आणि कडक झाल्या होत्या. नव्या घातल्या. जुन्या पुन्हा बसवून वर सिलिकॉन थापणं हा धंदा मी करत नाही. त्याचे तुकडे सुटून तेलाच्या जाळीत जाऊन बसतात.

११ जानेवारी

आठवडाभर जुनी चालवली. गरम आयडल स्थिर आहे, बंद पडत नाही, गरम असताना दुसऱ्या किकला चालू होते. सायलेन्सरमधली फटफट कमी झाली, पूर्ण गेली नाही. आवाज? आधीपेक्षा कमी, पण बारीक टिकटिक आहेच.

काकांनी ऐकलं. ते फिटर म्हणून निवृत्त झालेत, मायक्रोमीटर त्यांच्याकडूनच आणायचा आहे.

"वाजतंय का अजून?"

"हो काका, थोडं."

"मग झोप निवांत. गप्प झाली की ये माझ्याकडे."

मायक्रोमीटर मिळाला. सोबत तो शून्यावर कसा आणायचा याचं लांबलचक प्रवचनही.

१८ जानेवारी

आता नवी. इथे मोजणंच जास्त वेळखाऊ. सीट, टाकी, हवेचा डबा, एक ब्रॅकेट आणि वायरींचा गुंता बाजूला केल्यावर हेड कव्हर दिसतं, आणि ते फ्रेममधून बाहेर काढायला त्याला एका विशिष्ट कोनात तिरकं करावं लागतं. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढले. सुटलेले बोल्ट ज्या भागाचे त्या भागाच्या नावाच्या पिशवीत.

कव्हर उघडल्यावर पहिलं काम म्हणजे टायमिंग चेनच्या बोगद्यात स्वच्छ चिंधी कोंबणं. त्यात काही पडलं तर ते थेट क्रँककेसमध्ये. चिंधीचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवलं, नाहीतर तीच आत राहायची.

कॉम्प्रेशनची टी आणली. कॅमचे लोब बकेटपासून दूर, बाहेरच्या बाजूला तोंड करून आहेत. इथे रॉकर नाही. कॅम थेट बकेटवर चालतो, बकेटखाली शिम, शिमखाली दांडी. पातं कॅम आणि बकेटच्या मध्ये.

या इंजिनात एक्झॉस्ट कॅमवर ऑटो डीकॉम्प्रेसर आहे. कमी वेगाला तो एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरतो, म्हणजे स्टार्टरवर जोर येत नाही. मोजताना क्रँक उलटा फिरवला किंवा भलत्या जागी थांबवला तर हाच डीकॉम्प्रेसर मधे येऊन त्या व्हॉल्व्हची गॅप शून्य दाखवतो, आणि माणूस घाबरून नसलेल्या रोगाची शिम मागवतो. सुलट दिशेनंच टी वर आलो. आलेला आकडा खरा आहे ना हे बघायला कॅम हातानं हलवून डीकॉम्प्रेसरची पिन मोकळी आहे याची खात्री केली.

इनलेट डावा ०.१३, इनलेट उजवा ०.१२.
एक्झॉस्ट डावा ०.१३, एक्झॉस्ट उजवा ०.१०.

एक्झॉस्टला कमीत कमी ०.१५ हवेत. दोन्ही घट्ट. इनलेट मर्यादेत आहेत, पण खालच्या टोकाला टेकलेत. सुरुवातीलाच लिहिलं होतं, ही गाडी गप्प आहे.

बकेटच्या इंजिनात गॅप बहुधा कमीच होत जाते. व्हॉल्व्हची कड आणि सीट झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, दांडीचं टोक कॅमच्या जवळ येतं. कॅम आणि बकेट तेलात चालतात, तिकडची झीज नगण्य. रॉकरच्या इंजिनात दोन्हीकडे झीज होते, म्हणून तिथे गॅप कुठल्याही बाजूला जाऊ शकते. जुनीत तसंच झालं होतं: एक वाढली, एक आटली.

२५ जानेवारी

शिमचे आकडे कॅम काढल्याशिवाय कळत नाहीत. काढले.

क्रम असा. आधी चेन टेन्शनर पूर्ण बाहेर. कॅमचे बोल्ट सोडण्याआधी, कारण टेन्शनरची दांडी एकाच दिशेनं सरकते: चेन ढिली झाली की ती पुढे येते आणि मागे जात नाही. मग स्प्रॉकेटवरच्या खुणा आणि चेनच्या कड्या यांचा फोटो, शिवाय दोन खुणांमधल्या कड्या मोजून वहीत. मग कॅम होल्डरचे बोल्ट आडवेतिडवे, प्रत्येक जरासा, सगळे समान सुटेपर्यंत. एका बाजूचे आधी पूर्ण सोडले तर दुसऱ्या बाजूच्या व्हॉल्व्ह स्प्रिंग कॅमला तिरका उचलतात आणि होल्डर तडकतो. ॲल्युमिनियमचा तो तुकडा हेडबरोबरच मशिन केलेला असतो, सुटा मिळत नाही. कॅम वर आल्यावर चेन तारेनं फ्रेमला बांधून ठेवली.

बकेट छोट्या चुंबकानं सरळ वर ओढायची. शिम तिच्या पोटाला तेलानं चिकटून येते आणि अर्ध्या वाटेत सुटते. एक शिम अशीच सुटली, चिंधीवर टक्कन पडली आणि तिथेच थांबली. चिंधी नसती तर आज ही नोंद वेगळी असती. एका वेळी एकच बकेट काढली. बकेट आपापल्या भोकातच परत गेल्या पाहिजेत, त्या तिथेच झिजून बसलेल्या असतात.

शिम म्हणजे कडक केलेल्या पोलादाची छोटी गोल चकती. वर कोरलेला आकडा जाडीचा: २५० म्हणजे २.५० मिमी. पण कोरलेलं ते कारखान्यातलं. आताची जाडी मायक्रोमीटरच सांगणार. चारही मोजल्या. तीन कोरल्याप्रमाणे. एक्झॉस्ट उजवीवर २५५ आहे पण भरते २.५४.

संध्याकाळी गणित. सूत्र साधं: नवी शिम = जुनी शिम + मोजलेली गॅप − हवी ती गॅप. गॅप वाढवायची तर शिम पातळ. लक्ष्य धरलं इनलेट ०.१७, एक्झॉस्ट ०.२२. मर्यादेच्या मध्यापेक्षा थोडं वर, कारण गॅप पुढे कमीच होत जाणार आहे.

एक्झॉस्ट डावा: २.६० + ०.१३ − ०.२२ = २.५१.
एक्झॉस्ट उजवा: २.५४ + ०.१० − ०.२२ = २.४२.
इनलेट उजवा: २.५० + ०.१२ − ०.१७ = २.४५.
इनलेट डावा: २.४५ + ०.१३ − ०.१७ = २.४१.

या कामातली खरी मजा इथे आहे. या इंजिनात चारही शिम एकाच व्यासाच्या, म्हणजे आपापसांत बदलता येतात. इनलेट उजवीची २.५० काढली की ती एक्झॉस्ट डावीला जाते, गॅप येते ०.२३. इनलेट डावीची २.४५ इनलेट उजवीला, गॅप ०.१७. उरल्या दोन जागा: एक्झॉस्ट उजवीला २.४५ घातली तर ०.१९, इनलेट डावीला २.४० घातली तर ०.१८. म्हणजे चार व्हॉल्व्ह हलवायला नव्या शिम दोनच, २.४५ आणि २.४०. काढलेल्या २.६० आणि २.५४ डबीत, आकडा लिहून.

एक्झॉस्ट उजवीला २.४० घातली तर ०.२४ येते, तीही मर्यादेत. पण वरच्या टोकाला इतकं चिकटून राहायचं तर पात्याची अचूकता तेवढी हवी. ०.१९ वर समाधान.

शिम घासून पातळ करायचा सल्ला मिळतो. कडक थर वरवरचा असलेली शिम घासली की मऊ भाग वर येतो, आणि हातानं घासलेली चकती समांतर राहत नाही. नाही करणार. मागवल्या.

२८ जानेवारी

शिमची वाट बघतोय. कॅम कागदात गुंडाळून ठेवलेत, हेड झाकून.

हा सगळा खटाटोप टाळायचे प्रयत्न मोटारसायकलवाल्यांनी आधीच करून पाहिलेत. हार्ले-डेव्हिडसननं १९४८ च्या पॅनहेडला हायड्रॉलिक लिफ्टर बसवले. तेलाचा दाब गॅप आपोआप भरून काढतो, पाना लावायचं कामच नाही. होंडानंही १९८३ च्या नाइटहॉक ६५० ला हायड्रॉलिक अडजस्टर दिले होते. तरी बहुतेक वेगवान इंजिनांत अजून शिमच आहे, कारण हायड्रॉलिक लिफ्टरनं व्हॉल्व्हबरोबर वरखाली होणारं वजन वाढतं आणि जास्त आरपीएमला तो नीट साथ देत नाही.

दुसऱ्या टोकाला डुकाटी. तिच्या डेस्मोमध्ये व्हॉल्व्ह बंद करायलाही स्प्रिंग नाही, दुसरा रॉकर आहे. फाबिओ टालिओनी यांनी १९५६ मध्ये १२५ सीसी रेसिंग गाडीला हे तंत्र लावलं, १९६८ पासून ते रस्त्यावरच्या गाड्यांत आलं. म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्हला उघडण्याची एक आणि बंद होण्याची एक अशा दोन गॅप. मालकाच्या दृष्टीनं दुप्पट काम. २०२० साली जाहीर झालेल्या मल्टिस्ट्राडा व्ही४ मध्ये डुकाटीनं स्वतःच साध्या स्प्रिंग घेतल्या आणि व्हॉल्व्ह तपासणी ६०,००० किमीवर नेली. माझ्या चार शिम मला अचानक सोप्या वाटायला लागल्या.

१ फेब्रुवारी

शिम आल्या. घालण्यापूर्वी नव्याही मायक्रोमीटरखाली: २.४५ आणि २.४०, बरोबर. मगच घातल्या. बकेटच्या कडेला तेल, कॅमच्या लोबवर आणि जर्नलवर मॉलिब्डेनमचं तेल, कारण पहिल्या काही फेऱ्यांत वरपर्यंत तेल पोचलेलं नसतं.

कॅम बसवताना क्रँक टी वर आहे हे पुन्हा पाहिलं. एक्झॉस्ट कॅम आधी, चेनचा पुढचा पदर ताठ ओढून. मग कड्या मोजत इनलेट. स्प्रॉकेटवरच्या रेघा हेडच्या कडेला समांतर. एक दात जरी इकडेतिकडे झाला तरी गाडी नीट चालत नाही, आणि जास्त दात चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. फोटो, वही, रेघा, तिन्ही जुळल्यावरच पुढे.

होल्डरचे बोल्ट १२ न्यूटन-मीटर. यासाठी छोटा टॉर्क रेंच वापरला. चाकाच्या नटासाठीचा मोठा रेंच इतक्या खाली भरवशाचा नसतो: तो कट् आवाज कधी करणार याची वाट बघता बघता ॲल्युमिनियमचे आटे बाहेर येतात. आवळणीही आडवीतिडवी, दोन-तीन टप्प्यांत.

टेन्शनर आत दाबून बसवला, मग सोडला. चेन ताठ झाल्याचं बोटाला कळलं. टेन्शनर न सोडता स्टार्टर मारला तर चेन दात सोडून उडते, म्हणून हे एकदा बोटानं आणि एकदा टॉर्च लावून डोळ्यानं.

मग पान्यानं क्रँक चार पूर्ण फेरे. अगदी हळू. कुठे टणक अडलं तर जोर लावायचा नाही, थांबायचं. अडलं नाही.

इनलेट डावा: ०.१८ जातं, ०.२० अडतं.
इनलेट उजवा: ०.१५ जातं, ०.१८ अडतं.
एक्झॉस्ट डावा: ०.२३ जातं, ०.२५ अडतं.
एक्झॉस्ट उजवा: ०.१८ जातं, ०.२० अडतं.

कागदावरचं गणित आणि पाती एकाच गावाला पोचली. एक्झॉस्ट उजवीचा कोरलेला आकडा खरा मानला असता तर गणितात ०.२० आलं असतं आणि ०.२० चं पातं का अडतंय याचा विचार करत बसलो असतो.

२ फेब्रुवारी

चिंधी काढली. (टोक बाहेर होतं.) हेड कव्हरचं रबर गॅस्केट लवचीक आहे, तेच परत. अर्धगोल रबराच्या कोपऱ्यांत मात्र वाटाण्याएवढं सीलंट, बाकी कुठेही नाही. कव्हर लावलं, बाकीचं भराभर.

चालू केली. पहिल्या सेकंदाला खडखड, तेल वर पोचलं तशी थांबली. आता एक बारीक कोरडी टिकटिक येते. आधी ती नव्हती.

१५ मार्च

दोन्ही गाड्यांचे साधारण हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा मोजायचं ठरवलं होतं. नवी उघडायला मोठी आहे, ती पुढच्या तेलबदलीला. जुनी आज सकाळी उघडली.

इनलेट ०.०८. जागचा हलला नाही.
एक्झॉस्ट ०.०९.

०.१२ वर ठेवला होता. चेकनटावरची पांढरी रेघ अखंड आहे, म्हणजे पेच फिरलेला नाही. सीटवर काजळी अडकली असेल का? नाही. काजळी व्हॉल्व्हला सीटपासून दूर धरते, म्हणजे दांडीचं टोक खाली राहतं आणि गॅप वाढते. इथे ती कमी झालीय. टोक वर आलंय. याचा अर्थ कड किंवा सीट झिजतेय, नाहीतर तापून तापून व्हॉल्व्हच ताणला गेलाय. इतक्या कमी अंतरात ०.०३ जाणं हे नेहमीच्या झिजेत बसत नाही. घट्ट असताना तो जितका चालला त्यात कडेला लागायचं ते लागलेलं दिसतंय. सायलेन्सरची फटफट पूर्ण का गेली नव्हती, तेही यात बसतं.

पेच पुन्हा सोडून ०.१२ करणं दोन मिनिटांचं काम आहे. केलं नाही. आधी हवेची चाचणी घेतली: पिस्टन कॉम्प्रेशनच्या टी वर, गाडी गिअरमध्ये, मागचा ब्रेक दाबून धरलेला, कारण दाबानं क्रँक फिरतो आणि पान्यासकट हात घेऊन जातो. प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. कार्बोरेटरच्या तोंडाशी कान लावला: शांत. तेलाच्या बुचाशी किंचित सुसू, तेवढी रिंगमधून जातेच. सायलेन्सरच्या तोंडाशी स्पष्ट, सलग फुसफुस, तळहाताला वारा लागतो इतकी.

हेड उतरवतोय. यादी: हेड गॅस्केट, एक्झॉस्टचं गॅस्केट, दोन्ही व्हॉल्व्हची सील, स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प, लॅपिंगची (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवायची) पेस्ट जाड आणि बारीक, सीटची रुंदी बघायला निळी शाई. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला चीर दिसली तर लॅपिंग नाही, नवा व्हॉल्व्ह आणि सीट कापून घ्यायची. काकांना कळवलंय. मायक्रोमीटर इतक्यात परत मिळणार नाही, हेही.